रायफलीतली खोट

"हिचा रंग फारच काळा आहे," शोभनाबाई इंग्रजीत म्हणाल्या आणि त्यांनी हातातली रायफल काउंटरवर ठेवली.

आन्यानं डोळे मिटले, उघडले. हा चौथा शनिवार. टेक्सासमधल्या प्लेनो शहरातल्या या दुकानात ती सात वर्षं बंदुका विकत होती, स्वतः नेमबाजीच्या मॅचेस खेळत होती. पण असं गिऱ्हाईक तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. नवरा-बायको, दोघंही पन्नाशी उलटलेले. टार्गेटवर नेम धरायला शिकायचंय, फार महाग नको, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. पहिल्या शनिवारी तिनं पॉइंट टू-टूची, म्हणजे बारीक गोळीची साधी सेमी-ऑटोमॅटिक काढली. नवशिक्यांना हीच देतात. धक्का कमी, गोळ्या स्वस्त. चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप जागेवर येते. बाई म्हणाल्या, जड आहे. दुसऱ्या शनिवारी तिनं प्लास्टिकच्या दस्त्याची हलकी दाखवली. ती म्हणे खेळण्यातली वाटते. तिसऱ्या शनिवारी लाकडी दस्ता. त्याला म्हणे वाळवी लागेल.

बंदुकीला वाळवी! आन्यानं त्या दिवशी घरी जाऊन उशीत तोंड खुपसून ओरडून घेतलं होतं.

आणि नवरा? देवदत्त नावाचे ते अबोल गृहस्थ प्रत्येक रायफलीला एकच शब्द बोलत. "चालेल." एकदाही त्यांनी ती खांद्याला लावली नाही, एक डोळा मिटून नेम धरून पाहिला नाही. एकीला काही म्हणता काही पसंत नाही आणि दुसऱ्याला सगळंच पसंत. दोघांपैकी जास्त वैताग कुणाचा, हे आन्याला ठरवता येत नव्हतं.

त्यात ती दोघं तिच्या तोंडासमोर मराठीत बोलत. तिला सगळं कळत होतं. तिचे बाबा नागपूरचे, आई टेक्सासची. चेहरा आईचा उचललेला, त्यामुळे नाव ऐकून लोक तिला रशियन समजत. तिनंही कधी सांगायच्या भानगडीत पडायचं नाही असं ठरवलेलं होतं. एकदा मराठी कळतं म्हटलं की गिऱ्हाइकांचे काका-काकू होतात, बाबांचं गाव विचारतात आणि मग डिस्काउंट मागतात.

"अहो, थँक्सगिव्हिंगला सेल लागेल," बाई आता नवऱ्याला मराठीत म्हणाल्या. "एवढी कसली घाई?"

"नको. हीच घेऊ. आजच," देवदत्त म्हणाले.

सुटले एकदाची, आन्याला वाटलं. तिनं फॉर्म काढला, ओळखीसाठी त्यांचं ड्रायव्हिंग लायसन्स मागितलं. लायसन्सवर पत्ता जुना. अर्थातच! यांच्या बाबतीत दुसरं काय होणार? नवा पत्ता असलेला सरकारी कागद लागेल, असं तिनं दातांवर दात ठेवून सांगितलं. गाडीच्या नोंदणीचा कागद आणायला देवदत्त पार्किंगमध्ये गेले.

दार बंद होताच बाईंनी बहिणीला फोन लावला. तिथेच, काउंटरला टेकून.

"ताई, मला आता काही सुचत नाही गं. महिनाभर प्रत्येक बंदुकीत खोट काढतेय, आता काढायला खोटही उरली नाही. नोकरी गेल्यापासून झोपत नाहीत. डॉक्टरांच्या गोळ्या स्वतःच बंद केल्यात. आणि म्हणे नेमबाजीचा छंद लावून घेतो! आयुष्यात कधी दगड मारून कैरी पाडली नाही या माणसानं. परवा बँकेचे सगळे पासवर्ड वहीत लिहून दिले मला. सुवाच्य अक्षरात. काही विचारायला गेले तर म्हणतात, तुझं आपलं काहीतरीच. मी काय करू, ताई?"

फॉर्म आन्याच्या हातात तसाच राहिला. महिनाभराचा वैताग कुठल्या कुठे गेला.

देवदत्त कागद घेऊन आले. आन्यानं रायफल उचलली, मागच्या रॅकमध्ये लावली, कुलूप घातलं. मग कित्येक वर्षांत न वापरलेल्या मराठीत म्हणाली, "काका, ही मी तुम्हाला नाही विकणार."

बाईंनी कानाचा फोन खाली घेतला.

"मग कुठली देणार?" देवदत्तांनी विचारलं. ती मराठीत बोलली, हे त्यांच्या लक्षातही आलं नसावं.

"कुठलीच नाही. आज नाही, पुढच्या शनिवारीही नाही. काकू, यांना बरं नाहीये. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलमध्ये न्या. हवं तर मी येते सोबत."

आता आरडाओरडा होणार, आन्यानं मनाची तयारी केली. नाही म्हटलं की गिऱ्हाइकं बंदूक बाळगण्याचा हक्क सांगू लागतात, मॅनेजरला बोलावतात. देवदत्तांनी मात्र हातातल्या कागदाच्या घड्या घातल्या, तो खिशात ठेवला आणि हळूच मान हलवली. बाईंनी तिथूनच हॉस्पिटलला फोन केला. लगेच घेऊन या, असं पलीकडून सांगितलं गेलं.

आन्या त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेली. गाडीची किल्ली तिनं काकांकडून मागून घेतली आणि काकूंच्या हातात दिली. देवदत्त बाजूच्या सीटवर बसले, त्यांनी पट्टा लावला. आन्याला राहवलं नाही. ती त्यांच्या खिडकीपाशी वाकली.

"काका, काकूंनी इतकं अडवलं नसतं ना, तर पहिल्याच शनिवारी मी ती तुम्हाला विकून मोकळी झाले असते."

"माहीत होतं," देवदत्त म्हणाले. "म्हणून तर दर वेळी हिला बरोबर आणत होतो."