उजवा पाय

"एक्स-रेत काहीच नाही," प्राण्यांची डॉक्टरीण म्हणाली. "हाड ठीक, सांधा ठीक, नखंसुद्धा ठीक."

काकूंना ते पटेना. सगळं ठीक आहे तर हा कुत्रा लंगडतो कशाला, हौस म्हणून? त्याचा मागचा उजवा पाय त्यांनी तेलाने चोळला होता, गरम कपड्याने शेकला होता. तो मजेत शेकून घ्यायचा आणि उठला की पुन्हा लंगडायचा.

काकूंच्यात आता त्राण उरलं नव्हतं. सगळा संसार त्यांनी लंगड्या नवऱ्याबरोबर हळूहळू चालत काढला होता. रस्ता ओलांडताना थांबायचं, जिन्यावर थांबायचं, सिनेमाला गेलं की सुरुवात हुकायचीच. नवरा गेला तेव्हा त्याची काठी, बूट, कपडे, सगळं त्यांनी देऊन टाकलं. रडून झाल्यावर जरा मोकळं वाटलं, खोटं कशाला बोला. मग घर खायला उठलं म्हणून हा कुत्रा आणला, चांगला उड्या मारणारा. वर्षभरात हाही लंगडा! पुन्हा तेच सगळं करायची त्यांची तयारी नव्हती. ज्या संस्थेतून तो आणला होता, तिथे त्यांनी सकाळीच फोन केला होता. इथून निघालं की त्याला परत सोडायचं.

डॉक्टरणीने मदतनिसाला कुत्र्याला दारापर्यंत फिरवून आणायला सांगितलं. कुत्रा सरळ गेला, सरळ आला. मग तिने पट्टा काकूंच्या हातात दिला. दोनचार पावलांतच स्वारी लंगडायला लागली.

"पाहिलंत?" काकू म्हणाल्या. "नाटकी मेला."

घरात कोणी लंगडतं का, डॉक्टरणीने विचारलं. कुत्री कधीकधी बघून बघून आपल्या माणसासारखी चालायला लागतात, म्हणे.

"आमचे हे लंगडायचे. पण हा त्यांच्या माघारी आलाय. त्याने त्यांना पाहिलेलंसुद्धा नाही."

डॉक्टरीण काकूंच्या पायांकडे बघत होती. मग काकूंनीही खाली पाहिलं. डावी चप्पल जवळजवळ नवी होती. उजवी मात्र पुढून, आतल्या बाजूने घासून पार पातळ झाली होती. ही झीज त्यांच्या ओळखीची होती. असाच घासलेला उजवा बूट पिशवीत घालून त्या किती वेळा दुरुस्तीला घेऊन गेल्या होत्या.

त्या खुर्चीत बसल्या आणि रडल्या. या वेळी मोकळं वगैरे काही वाटलं नाही. कुत्रा त्यांच्या पायाशी येऊन टेकला. थोड्या वेळाने त्यांनी संस्थेला फोन लावला आणि आम्ही येत नाही, एवढंच सांगितलं.

बाहेर पायऱ्या होत्या. कुत्रा पट्टा ओढायला लागला. काकूंनी पट्टा आवरून धरला.

"सावकाश रे," त्या म्हणाल्या. "ह्यांना घाई चालत नाही."