फवारा संपायच्या आधी

पिशवी फाटली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. ड्रममधून वर उचलताना ती तळाशी उसवली आणि पांढरी भुकटी भसकन खोलीभर उडाली. धाकटी दचकून मागे सरली. तेवढ्यात तिच्या डोक्यावरच्या बंद टोपाला स्वच्छ हवा पुरवणारी नळी यंत्राच्या कडेला अडकली आणि निसटली. पुढचा श्वास तिने त्या भुकटीतच घेतला.

न्युमोनियाने धापा टाकणाऱ्या माणसाला उठवून बसवणारं औषध होतं ते, पेनिसिलिनच्या घराण्यातलं. पण एकदा का ते एखाद्याच्या अंगाला बाधलं, की त्याला नुसती चिमूटही जीवघेणी. कारखान्यात हे सगळ्यांना पाठ होतं. म्हणूनच तो टोप, तो डोक्यापासून पायापर्यंतचा सूट. म्हणूनच बाहेर पडताना मधल्या खोलीत अंगावर पाण्याचा फवारा. फवारा संपेपर्यंत सूटची चेन उघडायची नाही, म्हणजे नाही. नियम पाळून घ्यायला थोरली होती. घरी धाकटीची मोठी जाऊ, इथे भुकटी विभागाची प्रमुख. चेनला नुसता हात लागला तरी ती खेकसायची. पाठीमागे सगळ्याजणी तिला हवालदार म्हणत.

धाकटीच्या मनगटांवर अलीकडे गांधी उठत होत्या. झोपताना छातीत शिट्टी वाजायची. पण बोलायची सोय नव्हती. अंगाला बाधलं असं कळलं, की त्या बाईला फाटकाबाहेरचा रस्ता दाखवत. एकदा स्वयंपाकघरात भांडी विसळताना थोरलीने तिचा हात धरून उजेडात नेला, नीट पाहिला आणि म्हणाली, "नोकरी सोड. घरी बस."

"तुम्ही बसता का?" धाकटी फणकारली होती. नवऱ्याजवळही तिने कुरकुर केली होती, "तुमच्या वहिनींना माझं कमावणं खुपतंय."

आता तिच्या घशात कुणीतरी मूठ आवळत होतं. ओठ जड झाले. कानांत घूं घूं सुरू झालं. समोरून थोरली धावत येताना दिसली आणि पायांतलं बळच गेलं.

थोरलीने तिला काखेत हात घालून मधल्या खोलीत ओढलं, दार लावलं, धोक्याचं बटण दाबलं. वरून पाणी कोसळायला लागलं. बाहेरचं दार फवारा संपल्याशिवाय उघडत नसे. काचेपलीकडे बायका गोळा झाल्या होत्या. त्यांच्यामागून दवाखान्याच्या खोलीतला कंपाउंडर पेटी घेऊन पळत येत होता. दिसत सगळे होते, पण हाताला कुणीच लागणार नव्हतं. धाकटीने श्वास ओढला. आत काहीच गेलं नाही. आपण इथे, या काचेसमोर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मरणार, हे तिला लख्ख कळलं.

तेवढ्यात थोरलीने स्वतःच्या सूटची चेन खसकन खाली ओढली. अंगावरून अजून पांढरे ओघळ वाहत होते. तिने आत हात घातला, कमरेला खोचलेलं, असा झटका आला तर टोचायचं इंजेक्शनचं पेन काढलं आणि धाकटीच्या मांडीत सूटवरूनच दाबलं.

"हलू नकोस. श्वास घे. घे म्हणते ना!"

थोड्या वेळाने घशातली मूठ जराशी सैल झाली. हवेची बारीक धार आत शिरली. धाकटीला रडू फुटलं. मग तिचं लक्ष थोरलीच्या उघड्या गळ्याकडे गेलं. तिथे लालभडक गांधी उठत होत्या, बघता बघता एकमेकींना भिडत हनुवटीपर्यंत चढत होत्या.

"ताई, हे पेन कुणाचं होतं?"

"माझं."

"म्हणजे तुम्हालापण? कधीपासून?"

"ते राहू दे आता." तिचा आवाज चिरका झाला होता.

"दुसरं कुठंय? ताई, दुसरं कुठं ठेवलंय?"

"दुसरं नाही गं," म्हणत थोरली भिंतीला टेकत खाली बसली.

फवारा चालूच होता. धाकटी गुडघ्यांवर रांगत काचेपाशी गेली. टोप काढून फेकला आणि दोन्ही हातांनी काच बडवली. कंपाउंडर तिच्याकडे बघून मान हलवत होता, धीर देत होता. त्याला वाटत होतं, आजारी आहे ती एकटीच. आता लपवायचं तरी कशासाठी? होता नव्हता तेवढा श्वास गोळा करून ती ओरडली,

"आम्हाला दोघींनाही बाधतं हे औषध! यांना आधी! इंजेक्शन यांना आधी द्या!"

दार उघडलं तेव्हा थोरलीचे डोळे मिटलेले होते. कंपाउंडर थेट तिच्याकडे धावला.

दोघी वाचल्या. थोरलीला नीट बोलता येईपर्यंत मात्र दुसरा दिवस उजाडला. विभागातल्या बायका इस्पितळात भेटायला आल्या आणि खाटांभोवती उभ्या राहिल्या.

"आता आम्हा दोघींना काढणारच," धाकटी म्हणाली.

त्यावर सगळ्यांत वयस्क बाईने जाऊन खोलीचं दार लोटलं. परत येऊन तिने आपली बाही कोपरापर्यंत वर सरकवली. हातभर गांधी होत्या. तिच्या शेजारचीने खाली बघत बाही वर केली. मग तिसरीने. मग चौथीनेही.

थोरली एकेकीचा हात बघत गेली.

"अगं बायांनो," ती म्हणाली, "मग इतके दिवस चेनवरून खेकसून मी वाचवत कुणाला होते?"