ओ निगेटिव्हची गल्ली

"चार दिवे!" गिरधर जवळजवळ ओरडलाच. "मोतीलाल, जीप चालू ठेव. चार घरं जागी आहेत."

स्क्रीनवर एक गाव होतं. प्रत्येक गल्ली एका रक्तगटाची, प्रत्येक घर एका रक्तदात्याचं. खिडकीत पिवळा दिवा असेल तर माणूस घरी आहे, रक्त द्यायला तयार आहे. अंधार असेल तर त्याला उठवायचं नाही. दोन वर्षांपूर्वी, ब्याण्णव साली, जळगावच्या या रक्तपेढीत कॉम्प्युटर आला तेव्हा गिरधर पाटलानं हा प्रोग्रॅम लिहिला होता. पुण्याहून नवंनवं शिकून आलेला, अंगात उत्साह मावत नव्हता. रकाने आणि आकडे बघून माणसं घाबरतात, गावाला कोण घाबरेल, असं उद्घाटनाला ऐटीत म्हणाला होता. नोंदी ठेवणाऱ्या सुगंधाबाईंनी हे वापरायचं कसं म्हणून विचारलं, तर गडी हसला. "गाव कुणाला शिकवावं लागतं का, बाई? दार उघडायचं, दिवा लावायचा. झालं!" आणि एका दाल मिलचं काम घेऊन तो जो गेला, तो इकडे फिरकलाच नाही.

आज मात्र स्कूटर फाटकातच टाकून तो धावत आला होता. त्याची धाकटी बहीण प्रमिला बाळंतपणाला माहेरी असोद्याला आलेली. सकाळी जळगावच्या प्रसूतिगृहात तिला मुलगा झाला आणि रक्त थांबेना. तिचा गट ओ निगेटिव्ह. लग्नाआधी हौसेनं इथं रक्त द्यायला आली, तेव्हा तो कळला होता. घरात दुसऱ्या कुणाचा जुळत नव्हता. पेढीच्या फ्रिजमध्ये या गटाचं होतं नव्हतं ते रक्त सकाळीच तिकडे गेलं होतं. "आणखी बघा, आणि लवकर बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या.

"भाऊ, जरा बसा," सुगंधाबाई म्हणाल्या. "पानी घ्या आधी."

"पाणी कसलं, बाई! सरका तुम्ही."

त्यानं त्यांची खुर्ची ओढून घेतली. पहिल्या उजेडातल्या घराचं दार उघडलं. आत नाव आणि फोन नंबर. लीलाधर सोनार. त्यानं फोन फिरवला. पलीकडून मुलगा बोलला.

"नाना? नाना दिवाळीतच वारले हो. आपण कोण?"

गिरधरनं फोन ठेवला. चूक झाली असेल एखादी. दुसरं दार उघडलं. पाचोऱ्याचे यादव महाजन. फोनवर एक म्हातारी बाई आली.

"आबा तं गयात ना, भाऊ. पोळाना दिनच गयात."

तिसऱ्या घरात फोन नंबरच नव्हता. "मोतीलाल, असोद्याला सूट. पितांबर कोळी. असेल तसा घेऊन ये."

ड्रायव्हर मोतीलाल दारातून हलला नाही. "पितांबर? भाऊ, त्याच्या दहाव्याला तर मी स्वतः गेलो होतो."

खोलीत पंखा फिरत होता तरी गिरधरला दरदरून घाम फुटला. त्याच्या गावात, त्यानं स्वतः वसवलेल्या गावात, मेलेल्या माणसांच्या घरी दिवे जळत होते. त्याला भीती वाटली. मग संताप आला.

"बाई, हे दिवे कुणी लावले?"

"मीच लावले."

"मेलेल्यांच्या घरी?"

"मंग कोनाच्या घरी लावू, भाऊ?" सुगंधाबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "घरातलं मानूस गेलं का तिथी दिवा लावा लागते. गावात तेरावं झालं का उचलता. पन यायनं लोकायले रक्त देलं. यायचा दिवा कशी इझवू मी?"

दोन वर्षं त्या रोज पेपरातल्या निधनवार्ता वाचत होत्या. ओळखीचं नाव दिसलं की त्या घरी दिवा लावत होत्या. आजवर प्रत्येक गटाचं फ्रिजमधल्या रक्तावरच भागत होतं, घरं उठवायची वेळच आली नव्हती. त्यामुळे हे कुणाला कळलंच नाही. रागवावं तरी कुणावर? गिरधरला स्वतःचंच ते ऐटीतलं हसू आठवलं.

आणि एकदम त्याच्या डोक्यात उजेड पडला. तो ताडकन उठला.

"म्हणजे अंधार आहे ती माणसं जिवंत आहेत! अरे, जिवंत आहेत ती! मोतीलाल, सांगतो तो नंबर फिरव."

गल्लीत अंधारी घरं बरीच होती. त्यानं एक दार उघडलं, नंबर वाचला. मोतीलालनं फोन फिरवायला सुरुवात केली. तिकडे घंटा वाजायला लागली. गिरधर मनातल्या मनात देवाला हाका मारत होता. उचल बाबा, कुणीही असशील तो उचल.

सुगंधाबाई पुढे झाल्या. त्यांनी मोतीलालच्या हातातून रिसीव्हर घेतला आणि हळूच खाली ठेवला.

"बाई, वेड लागलं का तुम्हाला?"

"राहू द्या, भाऊ."

त्या पदरानं तोंड झाकून भिंतीला टेकल्या. तो रस्त्यात असताना प्रसूतिगृहातून इथं फोन येऊन गेला होता, हे त्याला न सांगता कळलं. तरी त्याला ते खरं वाटेना. गल्लीच्या टोकाला चौथा दिवा जळत होता. ते घर त्यानं अजून उघडलं नव्हतं.

"ते नका उघडू," सुगंधाबाई म्हणाल्या.

त्यानं दार उघडलं. आत लिहिलं होतं, प्रमिला रुपचंद पाटील, असोदा.