डावीकडची सीट

नवलाख उंबरे गावात कस्तुराबाईंची विकायला काढलेली जुनी गाडी बघायला गेलो. नवरा गेल्यापासून चार महिने ती अंगणात उभीच होती.

इंजिन सुरू करताच सीटबेल्टचा बीप वाजू लागला. माझा बेल्ट लावलेला होता. शेजारची सीट रिकामी.

"सेन्सर बिघडलाय," मी म्हणालो.

"न्हाई ओ." त्यांनी वाकून रिकाम्या सीटचा बेल्ट लावला. बीप थांबला. "आता या फिरवून."

घोरावाडी स्टेशनपाशी थांबून मी डावीकडचं दार उघडलं, बेल्ट सोडून सीट नीट तपासली. तो परत लावायचा राहूनच गेला.

येताना बीप एकदाही वाजला नाही.

अंगणात शिरलो. कस्तुराबाई गाडीच्या खिडकीत वाकल्या, रिकाम्या सीटकडे बघतच राहिल्या.

"अवं भाऊ, ह्यांना एकट्याला कुटं सोडून आलात?"