निरोगी माणसाचं रक्त

पोटाच्या कर्करोगाच्या पेशी रक्तात अतिसूक्ष्म पिशव्या, म्हणजे पुटिका, सोडतात. त्यांवरून रोग लवकर ओळखता येईल का, हे ती प्रयोगशाळेत तपासत होती. तुलनेसाठी निरोगी माणसांचं रक्त हवं होतं, म्हणून तिने मोठ्या बहिणीला संकलन केंद्रात जाऊन नमुना द्यायची गळ घातली. नेमक्या ताईच्याच नमुन्यात त्या पुटिका सापडल्या.

चाचणी अजून कच्ची होती, पण तिला राहवेना. खरं कारण न सांगता, "या वयात करून घ्यावी गं," म्हणत तिने ताईला दुर्बिणीच्या तपासणीला नेलं. पोट अगदी स्वच्छ निघालं.

तेव्हा कुठे ती खजील होऊन बोलली, "ताई, तुझ्या रक्तात कर्करोगाची खूण दिसली होती. माझी चाचणीच खोटी. उगाच तुला त्रास दिला."

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. दवाखान्याच्या काचेपलीकडे बाकावर त्यांची धाकटी बहीण दोघींच्या पर्स सांभाळत बसली होती. तिने हसून हात हलवला.



"मला सुईची भीती वाटते गं... त्या दिवशी माझ्या नावाने रक्त द्यायला मी हिला पाठवलं होतं."