वगळलेला धडा

थावीबाईंनी दोन-चार पानं एकदम उलटली आणि सरळ पुढचा धडा काढला. नववीच्या वर्गात कुणाच्या लक्षात येणार नाही, असं त्यांना वाटलं होतं. पण कोलाप उभी राहिली.

“बाई, मधला धडा राहिला.”

“तो घरी वाचा. परीक्षेला त्यावर एकच प्रश्न असतो.”

“पण बाई, नवं पुस्तक त्या धड्यासाठीच तर आलंय म्हणे!”

वर्ग खुसखुसला. अंग्कोरचे राजे थावीबाई इतक्या रंगवून सांगायच्या, की मधली सुट्टी झालेली कळायची नाही. पंचाहत्तर ते एकोणऐंशी ही चार वर्षं मात्र त्या दर वर्षी अशीच उलटून टाकायच्या.

“माझी आजी येईल सांगायला,” कोलाप म्हणाली. “आजोबांना तेव्हाच नेलं. सारेत मास्तर म्हणायचे त्यांना.”

थावीबाईंच्या हातातला खडू मोडला.

त्या नऊ वर्षांच्या होत्या तेव्हा. आईबापांपासून तोडून आणलेल्या मुलांच्या तुकडीत त्यांना टाकलं होतं. दिवसभर शेण गोळा करायचं, दोन वेळा पातळ पेज प्यायची. राज्य करणाऱ्यांना नाव नव्हतं, सगळे नुसतं ‘संघटना’ म्हणायचे. शिकलेला माणूस संघटनेला चालत नसे. सारेत मास्तर मात्र सुतार म्हणून लपून राहिले होते; ते मुलांना गोठ्यामागे बसवून काडीने मातीत अक्षरं काढून दाखवायचे आणि लगेच पायाने पुसून टाकायचे. लहानगी थावी आपलं नाव लिहायला तिथेच शिकली. एके सकाळी तुकडीच्या म्होरक्याने विचारलं, “तुला लिहायला कोण शिकवतं गं?” आणि तिने सांगून टाकलं. दुपारी मास्तरांना नेलं. तिला भांडंभर घट्ट भात मिळाला. तिने तो सगळा खाल्ला.

तेहतीस वर्षं झाली. हे त्यांच्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

आजीला बोलावू नका असं सांगायला त्यांच्यापाशी कारण नव्हतं. हेडमास्तर तर खूशच झाले. म्हणाले, “वा! बाकीच्या वर्गांतही असं करू या.”

गुरुवारी योन आजी आल्या. डोक्यावर पांढरे बारीक केस, अंगात इस्त्रीचा सदरा. मुलांनी हात जोडले. थावीबाई मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

आजी संथ बोलत होत्या. गोठा, काडी, मातीतली अक्षरं, सगळं त्यांनी सांगितलं. कोलाप खाली मान घालून ऐकत होती.

“मग पकडलं कसं त्यांना?” पुढच्या बाकावरच्या वुथीने विचारलं.

“तुकडीतल्या एका मुलीनं नाव सांगितलं, असं म्हणतात.”

“शी! ज्यांनी शिकवलं त्यांचंच?”

“आता संघटनेच्या पुढाऱ्यांवर खटला चाललाय ना राजधानीत? तिलाही उभं करायला पाहिजे,” मागून एक मुलगा म्हणाला.

“नऊ-दहा वर्षांची पोर असेल ती! तुला उपाशी ठेवलं तर तू काय करशील रे?” त्याच्या शेजारच्याने त्याला डिवचलं.

“मी मेलो तरी सांगणार नाही!”

“डबा विसरलास तर रडतोस तू!”

वर्ग हसला. आजी हसल्या नाहीत. “जाऊ द्या रे,” त्या म्हणाल्या. “त्या पोरीचं नका काढू.”

“बाई, तुम्हीच सांगा,” वुथी मागे वळली. “ती मुलगी गुन्हेगार की नाही?”

चाळीस तोंडं थावीबाईंकडे वळली. “तास संपत आलाय,” त्या म्हणाल्या. “आजींचे आभार माना.” आपला आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला.

कोलाप उसाचा रस आणायला फाटकाबाहेर गेली. आवारातल्या चिंचेखाली बाकावर आजी आणि थावीबाई दोघीच उरल्या. आता गप्प राहिलं तर जन्मभर गप्प राहावं लागेल, हे बाईंना कळत होतं.

“आजी, ती मुलगी...” त्यांनी हातातला रुमाल पिळला. “ती मीच.”

आजींनी मान वळवली.

“मला कळत नव्हतं, असं नाही म्हणणार मी. त्यांना नेतील हे मला ठाऊक होतं. तरी सांगितलं. भूक लागली होती. मी शिक्षिका झाले ती त्यांच्यामुळे, आणि मुलांना त्यांचं नावही कधी सांगू शकले नाही. तुम्ही हेडमास्तरांना सांगा, वर्गाला सांगा. मी नाही म्हणणार नाही.”

आजींनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग खरबरीत हाताने त्यांचा हात धरला.

“तू जिवंत आहेस,” त्या म्हणाल्या. “मला वाटायचं, तू गेली असशील. मेलेल्या पोरीवर ढकललं तर कुणाचं काय बिघडतं, असं म्हणत आले मी इतकी वर्षं. लेकाला तेच सांगितलं, नातीलाही तेच.”

“म्हणजे?”

आजींनी फाटकाकडे पाहिलं. रसाचे तीन पेले सांभाळत कोलाप परत येत होती. आजी घाईघाईने बोलल्या.

“माझं पोर तापानं फणफणलं होतं गं. म्होरक्या म्हणाला, तुझ्या नवऱ्याचं खरं सांग, औषध देतो. तू सांगितलंस ते सकाळी. मी आदल्या संध्याकाळीच सगळं सांगून आले होते.”