वासराची गाठ

शाळेच्या शिबिरात आई-बापानं फिरकायचं न्हाय, असं सरांनी बजावलेलं. तरी म्या येडशीच्या डोंगरात कड्याखाली करवंदीच्या जाळीमागं लपून बसलो. माझी पोरगी पौर्णिमा कड्यावर उभी. आपल्या कमरेचा दोर ज्यानं त्यानं बांधायचा आन खाली उतरायचं. तिनं गाठ मारली आन म्या जाळीतनं मान वर काढली. ती वासराच्या दाव्याची गाठ, म्याच शिकवलेली. शेंडा वढला की सुटती! सर दुसऱ्या पोराच्या दोरात गुतलेले. खालनं पोरं वरडली, "उतर की, भित्रे!" वरडलो तर पोरीची सालभर टिंगल, गप बसलो तर पोरगीच जायची. तोंड उघडलं, तेवढ्यात तिनंच शेंडा वढून गाठ सोडली. "थांबा रं, ही वासराची हाय." दुसरी बांधून सरांना दाखवली आन उतरली. जाळीपशी येऊन हळूच म्हणाली, "आप्पा, वरनं तुमची टोपी दिसत हुती. जावा आता घरी."